रक्त न ओकणारे उंदीर

मी उंदरांना आजार लावते. चोरून नव्हे, रीतसर. कमिटीची परवानगी, गाईडची सही, प्रत्येक पिंजऱ्यावर चिठ्ठी. सांगलीतल्या एका फार्मसी कॉलेजच्या मागे, सायकल स्टँडच्या पलीकडे एक लांबट बैठी इमारत आहे. तिच्यावर ‘प्राणिगृह’ अशी पाटी आहे आणि दाराशी चपला काढायला फळी ठोकलेली आहे. आत भाताच्या तुसाचा आणि मुताचा वास. पाहुण्यांना तो सोसत नाही, नाकाला रुमाल लावून दोन मिनिटांत बाहेर पडतात. मला तो घरचा वाटतो. मी जत तालुक्यात मेंढरांत वाढले.

काम आधी सांगून टाकते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी एक मोठी शीर असते. ते रक्त यकृतात नीट शिरेना झालं की शिरेतला दाब वाढतो. माणसाला हा आजार होतो. त्यावर औषध शोधायचं तर आधी आजारी प्राणी पाहिजे, आणि उंदीर काही आपणहून या आजारानं पडत नाही. म्हणून आम्ही त्याला पाडतो. भूल देऊन पोट उघडायचं, आतडी ओल्या कापडावर बाजूला मांडायची आणि ती शीर मोकळी करायची. तिच्या अंगाला लागून एक बोथट सुई ठेवायची, शीर आणि सुई दोन्हींना मिळून रेशमी दोऱ्याची गाठ मारायची, मग सुई अलगद ओढून घ्यायची. सुईनं सोडलेली जागा तेवढीच रक्ताला वाट उरते. पोट शिवायचं आणि दोन आठवडे थांबायचं. तोवर शिरेतला दाब चढतो, पांथरी, म्हणजे प्लीहा, फुगते, रक्त आडवाटा शोधतं. मग त्यातल्या निम्म्या उंदरांना मी एका रानातल्या मुळीचा अर्क पाजायची आणि दाब उतरतो का ते बघायची.

माझी गाठ चुकत नसे. बाकीच्यांचे उंदीर टेबलावर मरत, माझे तासाभरात शेपटी हलवत उठत. गाईड म्हणायचे, तुझा हात हलका आहे. तो हात आप्पांचा. अडलेल्या मेंढीच्या पोटातलं कोकरू फिरवून बाहेर काढताना त्यांचं मनगट कसं वळतं ते मी सहा वर्षांची असल्यापासून बघत आले होते.

आप्पांना माझं काम पटलेलं नव्हतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाले, “आमचा जलम गेला आजारी जनावराला चांगलं करण्यात. आन् तू चांगल्या जनावराला आजारी पाडाय शिकलीस व्हय?”

“आवं, औषध शोधायचं हाय आप्पा.”

“शोध बाय. पर त्येंचं बी हाल करू नगंस.”

पुढं मात्र पाहुण्यारावळ्यांत ते मिरवायचे. माझी लेक पोटातलं बघती म्हणायचे. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

मग त्यांनाच तो आजार निघाला. असं लिहिताना मला अजून संताप येतो, कारण कुणाला सांगितलं तर बनाव वाटावा. गावात आरोग्य शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, म्हणाले पांथरी मोठी झालीय, रक्तही कमी आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सोनोग्राफी करायला सांगितली. मी त्यांना सांगलीला आणलं. यकृत जवळजवळ ठीक, शीर रुंद, पांथरी हातभर. डॉक्टर म्हणाले, “शिरेतला दाब वाढलाय. दारूचा संबंध नाही, काहींना असं होतं. दुर्बीण घालून अन्ननलिका बघू, तिथल्या शिरा फुगल्या असतील तर बांधून टाकू. पुढच्या आठवड्यात या.”

दिवाळी होऊन गेली होती. आमच्याकडं तेव्हाच पाणी आटायला लागतं, टँकरची वाट बघणं सुरू होतं, आणि मेंढरं घेऊन माणसं पश्चिमेला निघतात. कृष्णाकाठच्या ओल्या मुलखात, उसाच्या रानांत मेंढरं बसवायची, रानाला खत होतं आणि मेंढरांना चारा. आप्पा म्हणाले, “मेंढरं निगाली की मग थांबत न्हाईत. तिकडनं आलो की बगू.”

मी त्यांची कॉलर धरायला हवी होती. मी त्या डॉक्टरांना म्हणाले, “सर, तसे ते बरे आहेत. परत आल्यावर करू.” डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय काम करते ते त्यांना माहीत होतं. म्हणाले, “फार उशीर करू नका.” आम्ही उठलो.

मी हे का केलं? आप्पांच्या हट्टामुळं नव्हे. हट्ट मोडायला मला येतं. मी केलं ते माझ्या उंदरांमुळं. अडीच वर्षं मी हा आजार रोज हाताळत होते. तोच दाब, तशीच फुगलेली पांथरी घेऊन माझे उंदीर पिंजऱ्याच्या जाळीवर चढत, खाद्याच्या गोळ्यांवरून भांडत, तुसात एकमेकांवर पाय टाकून झोपत. माझ्या डोक्यात या आजाराचं चित्रच असं झालं होतं की हा एक सभ्य, सावकाश आजार आहे. याला थांबवून ठेवता येतं.

आप्पा आणि आई मेंढरं घेऊन गेले. कवठे महांकाळवरून पुढं, मुक्काम करत करत, शेवटी कोरेगावच्या बाजूला एका रिटायर सुभेदाराच्या रानात बसले. आठवड्यातून एकदा फोन यायचा. एका दुपारी आला तेव्हा माझ्या हातात मोजे होते आणि समोर उघडलेलं पोट होतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हटलं, उचल आणि स्पीकरवर टाक.

“आप्पा, हातात काम हाय. बोला बिगीनं.”

ते बिगीनं बोलणारे नव्हतेच. मेंढरं बरी आहेत, चारा बख्खळ आहे, सुभेदार माणूस चांगला आहे, असं सगळं झालं. मग म्हणाले, “आगं बाय, इचारायचं हुतं. परसाकडला काळं हुतंय. आठ दीस झालं.”

“काळं म्हंजी?”

“डांबरावानी. चिकाट. चमकतंय बग. आन् वास लय घाण.”

शीर दोऱ्यात होती, सुई अजून निघायची होती. मी म्हणाले, “त्या लोहाच्या गोळ्या घेताय न्हवं?”

“घेतोय की.”

“मग त्येनंच हुतंय आप्पा. लोहानं काळं हुतं. कायबी भ्यायचं न्हाई.”

“काय न्हाई म्हनतीस?”

“कायबी न्हाई.”

“मग बरं झालं बाय,” ते म्हणाले. मी सुई ओढून घेतली. गाठ उत्तम बसली होती.

लोहाच्या गोळ्यांनी काळं होतं हे खरं आहे. पण ते चिकट होत नाही, चमकत नाही आणि त्याला तसा वास नसतो. पोटात रक्त झिरपून पचलं की तसं होतं, आणि पुस्तकात त्याला शब्दच डांबर हा आहे. माझा बाप पुस्तक न उघडता तो शब्द बोलला होता. लेंडी बोटांत चुरून मेंढीचा आजार सांगणारा माणूस, त्यानं रंग सांगितला, चिकटपणा सांगितला, वास सांगितला, दिवस सांगितले. एकही खूण राहू दिली नाही. लेकीपुढं हे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला आता कळतं. एवढं करून ते बोलले, आणि मी एका वाक्यात त्यांना परत पाठवलं.

नंतर दहा दिवसांनी सुभेदारांचा फोन आला. मी उंदरांची वजनं घेत होते, अकरा वाजले असतील.

“मॅडम, कोरेगावकडनं बोलतोय. तुमचं वडील माझ्या रानात हायत ते. घाबरू नका, पर लगेच निगा. रगत ओकलंय त्येनी. घमेलंभर. आमी गाडीत घातलंय, साताऱ्याला चाललोय. केस सीरियस हाय, खोटं कशाला सांगू?”

हातातला उंदीर कुठं ठेवला ते आठवत नाही. एसटीत बसले तेव्हा अंगात पांढरा कोट तसाच होता. सांगली ते सातारा तीन तास. तीन तासांत माणसाच्या अंगातलं किती रक्त जाऊ शकतं याचा हिशेब मला येत होता, तेच वाईट होतं. मी सुभेदारांना परत परत फोन लावत होते. “डॉक्टरांना सांगा, अन्ननलिकेतल्या शिरा फुटल्यात! अल्सर समजू नका म्हणावं! पांथरी मोठी आहे, शिरेत दाब आहे, आत्ता दुर्बीण घाला म्हणावं!” सगळी गाडी माझ्याकडं बघत होती. कंडक्टर म्हणाला, ताई, धरून बसा तरी. शेजारच्या माणसानं हळूच विचारलं, “लिव्हरचं हाय का? पीत हुते जणू?”

“थेंब पीत नाहीत,” मी ओरडले. “त्यांची पोरगी मूर्ख आहे, त्यानं झालंय.”

तो खिडकीकडं तोंड करून बसला. कराड मागं पडल्यावर मला माझ्याच प्रबंधाच्या आराखड्यातलं एक वाक्य आठवलं. ‘मर्यादा’ या मथळ्याखाली दुसरं की तिसरं. या मॉडेलमध्ये आपोआप रक्तस्राव होत नाही. दुसऱ्यांच्या लेखांतून उचलून मीच टाइप केलं होतं. सगळेच टाकतात, म्हणून. गाईडनी त्यावर बरोबरची खूण केली होती. उंदराच्या अन्ननलिकेतल्या शिरा माणसाच्यासारख्या फुटत नाहीत. उंदराला ओकताच येत नाही. अडीच वर्षं मी ज्या आजारासोबत राहिले त्यातलं माणसाला मारणारं जे आहे, तेच नेमकं माझ्या पिंजऱ्यांत नव्हतं. हे मला माहीत होतं, लिहूनही झालं होतं. तरी डोळ्यांनी रोज बघितलेलंच मी खरं धरलं. फोनवर मी माझ्या बापाला उत्तर दिलं नाही, एका उंदराला दिलं.

मी पोचले तेव्हा शिरा बांधून झाल्या होत्या. फुगलेल्या शिरेवर दुर्बिणीतून रबराचं छोटं वेटोळं चढवतात. रक्त चढत होतं. आप्पांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, पण ते होते. मी कॉटचा गज धरून रडले. मला वाटलं, सुटले. माझ्यावर कुणीतरी दया केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला आले. वयानं माझ्याएवढेच, रात्रभराचे जागे, दाढी वाढलेली. त्यांनी आप्पांना विचारलं, “काळी शी होत होती का आधी?”

“व्हय सायब.”

“कधीपासून?”

“झालं असतील पंधरा-ईस दीस.”

“वीस दिवस! आणि कुणाला सांगितलं नाही?”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या उशाशी उभी होते, फाइल छातीशी धरून. मग त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “न्हाई सायब. मेंढरामागं असतुया. कुनाला सांगायचं?”

आप्पा खोटं बोललेले मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मेंढरू विकतानासुद्धा ते त्याचा पाय लंगडतो हे आधी सांगायचे.

“अहो, घरात एवढी शिकलेली मुलगी आहे,” डॉक्टरांचा आवाज चढला. “तिला फोन करायचा! तिनं एका मिनिटात ओळखलं असतं. तुम्ही लोक लपवता, अंगावर काढता, आणि मग आमच्यापुढं आणून टाकता.”

“चुकलं सायब,” आप्पा म्हणाले.

मी तोंड उघडलं नाही. हे मी इथं कबूल करते, तिथं केलं नाही. दोन शब्द पुरले असते. सर, सांगितलं होतं. शेजारच्या कॉटवरचे, नर्स, दाराशी उभे सुभेदार, सगळे आप्पांकडं अडाणी माणसाकडं बघावं तसं बघत होते, आणि मी शिकलेली लेक म्हणून उभी राहिले.

डॉक्टर गेल्यावर आप्पांनीच विषय काढला. “तुज्या उंदरांस्नी बी हुतं का गं असं? रगत?”

“न्हाई आप्पा. त्येंस्नी न्हाई हुत. त्येंची शीर फुटत न्हाई.”

आप्पा म्हणाले, “मग त्येंच्याकडनं तुला ह्ये कसं कळायचं?”

त्यांना मला सोडवायचं होतं. त्या एका प्रश्नात त्यांनी माझी अडीच वर्षं निकालात काढली आणि मला माफही केलं, आणि मला त्यातलं काहीच घेता आलं नाही. मी म्हणाले, “झोपा आता.” त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, ते सारखंच होतं तरी.

आई त्या दिवशी दुपारी आली. सुभेदारांच्या घरच्यांनी मेंढरं सांभाळायची म्हटलं तेव्हा कुठं ती तळ सोडून निघाली. ती आप्पांच्या पायाशी बसली आणि पाय चेपत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी परत सुरू झालं. मी पेल्यात चमचा ढवळत होते. आप्पा म्हणाले, “मळमळतंय गं,” आणि मग सगळं अंथरूण लाल. डॉक्टर धावत आले. परत दुर्बीण, परत रक्ताच्या पिशव्या, नळीला फुगा लावून तो आत फुगवला. मी प्रत्येक गोष्ट ओळखत होते, प्रत्येकीचं नाव मला येत होतं, आणि मी भिंतीला टेकून “आप्पा, आप्पा” एवढंच म्हणत होते. मी देवाला म्हणाले, सगळे उंदीर सोडते, कॉलेज सोडते, काय पाहिजे ते घे. बाराच्या आत ते गेले.

गावाकडं नेलं. दहा दिवस माणसं येत राहिली. चुलते, पाहुणे, बरोबरीचे मेंढके, जो तो हेच बोलायचा. “गडी तसलाच. दुकनं अंगावर काडनारा. कुनाला सांगितलं न्हाई बगा.” डॉक्टरांचं वाक्य साताऱ्याहून आमच्या आधी गावात पोचलं होतं. एक म्हातारा म्हणाला, “पोरीला नुसतं सांगितलं असतं तरी वाचला असता गड्या.” मी चहाचे कप भरत होते आणि ऐकत होते. ती गोष्ट मला सोयीची होती. माझ्या बापानं मरताना माझ्यासाठी करून ठेवलेली होती, आणि मी ती अंगावर घेऊन फिरत होते.

मी प्राणिगृहात परत गेले. गाईड फार चांगले वागले, म्हणाले, पाहिजे तेवढी रजा घे. मी नको म्हणाले. आजारी पाडलेले उंदीर मी नव्हते तेव्हाही जगले होते, खाऊनपिऊन वजनानं वाढलेसुद्धा होते. मला त्यांचा राग आला, कारण ते जगत होते. मी एकेकाला उचलून बघायची आणि वाटायचं, तुला काय झालंय? तुला काहीच झालेलं नाही. त्या आठवड्यात पहिल्यांदा माझी गाठ चुकली आणि तीन उंदीर टेबलावरच मेले. मी बाहेर सायकल स्टँडवर जाऊन बसले आणि उठलेच नाही.

महिन्यानं घरी गेले. आई अंगणात वाघर दुरुस्त करत बसली होती. मेंढरांना रात्री कोंडायचं जाळं, त्याला आम्ही वाघर म्हणतो. कोरेगावहून आणताना ती दोन ठिकाणी फाटली होती. आता आमच्याकडं मेंढरं उरली नव्हती, चुलत्यांच्या कळपात घातली होती. तरी आई गाठी मारत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “आये, आप्पांनी मला सांगितलं हुतं.”

ती मान वर न करता दोरा ओढत राहिली.

“फोन केलता त्येनी. काळं हुतंय म्हनून. मी म्हनलं, गोळ्यांनं हुतंय, भ्यायचं न्हाई. मी तवाच या म्हनलं असतं तर...”

“मला ठावं हाय,” आई म्हणाली. “फोन म्याच धरल्याला. त्येंला बटन दाबाय येत न्हवतं.”

दहा दिवस माणसांचं ते बोलणं तीही ऐकत होती. माझ्याशेजारी बसून.

“मग तू बोलली का न्हाईस? मला शिव्या तरी द्यायच्या.”

तिनं गाठ दातांनी आवळली, दोरा तोडला आणि फाटलेली दुसरी जागा मांडीवर ओढून घेतली.

“आठ दीस त्येनी लय भ्यालं हुतं बग,” ती म्हणाली. “धड जेवत न्हवतं. त्या दिशी तुज्याशी बोलून फोन ठिवला आन् दोन भाकरी खाल्ल्या त्येनी.”